चौथ्या मजल्यावरचं तारापूर

विलासराव गुरसाळे आणि उमेळ्याचा हरेश पहिल्यांदा समोरासमोर आले तो दिवस एव्हरशाईन सिटीतल्या लोकांना अजून आठवतो. हरेश सोलर पॅनेलचा नमुना काखेत मारून सोसायटीच्या गेटातून आत शिरला आणि विलासरावांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "रात्री काय करणार?" तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. ते बोलणं संपेपर्यंत, असं सांगतात, जुना वॉचमन जाऊन नवा आला होता, तोही कंटाळून गावी गेला होता, गेटाजवळचा बदाम एकदा पूर्ण झडून पुन्हा पालवला होता आणि ए विंगमधलं तान्हं बाळ बालवाडीत जायला लागलं होतं. बोलणं सुरू झालं तेव्हा हरेशच्या डोक्यावर दाट केस होते, याला साक्षीदार आहेत. काखेतल्या पॅनेलमधून तर म्हणे नुसत्या विलासरावांच्या तेजानं वीज यायला लागली होती.

खरं एवढंच, की दोघं पाऊण तास उन्हात उभे होते आणि शेवटी विलासरावांच्या पत्नी जयवंतीबाई यांनी चौथ्या मजल्यावरून हाक मारली, "अहो, त्या पोराला पाणी तरी पाजा."

विलासराव तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. निवृत्त झाले ते नोकरीतून. केंद्र त्यांनी बरोबरच आणलं होतं. "आम्ही रात्रंदिवस चालायचो. आम्हाला ढग माहीत नाही, ग्रहण माहीत नाही," असं ते भाजीवाल्यालासुद्धा सांगत. त्यांचं ते 'आम्ही' ऐकून नव्या माणसाला वाटे, हा गृहस्थ रोज सकाळी मांडी घालून युरेनियम निवडून देत असणार. प्रत्यक्षात ते वाहतूक विभागात होते. कर्मचाऱ्यांच्या बसच्या पाळ्या लावणं हे त्यांचं काम, आणि अणुभट्टी त्यांनी पाहिली ती बसच्या खिडकीतून, बाहेरून. पण पहिल्या सीटवर बसून वर्षानुवर्षं इंजिनियरांच्या गप्पा ऐकल्या की माणूस निम्मा इंजिनियर होतो, आणि उरलेला निम्मा आत्मविश्वासानं भरून निघतो.

हरेशचे वाडवडील खाडीकाठी भात पिकवायचे. हरेशचा वालीवला छोटा गाळा होता. तिथं तो पॅनेलसाठी लोखंडी सांगाडे बनवायचा आणि जिथं गच्ची रिकामी दिसेल तिथं ते बसवायचा. हातात पाना असला की हा माणूस जादूगार, आणि माईक दिला की मुका. विलासरावांना असा प्रतिस्पर्धी सात जन्मांत मिळाला नसता. दर रविवारी हरेश गिऱ्हाइकं शोधायला यायचा, विलासराव खाली उतरायचे, "रात्री काय करणार?" विचारायचे आणि जिंकून वर जायचे.

अशात एक दिवस सेक्रेटरी जितेंद्रनं सर्वसाधारण सभेची नोटीस लावली. लिफ्ट आणि पाण्याचा पंप मिळून सोसायटीचं सामाईक वीजबिल भलतंच फुगलं होतं. उपाय दोन. गच्चीवर सोलर बसवायचं, नाहीतर रोज अकरा ते पाच लिफ्ट बंद ठेवायची. पहिल्या मजल्यावरच्यांना दुसरा उपाय एकदम पसंत पडला. त्यात खर्च नव्हता आणि दुसऱ्यांच्या तब्येतीला व्यायाम होता.

जयवंतीबाईंचे गुडघे मात्र व्यायामाच्या पलीकडे गेले होते. रोज दोन वाजता त्या समोरच्या देवळात भजनाला जात. दिवसभरात माणसांत बसायची त्यांची ती एकच वेळ. लिफ्ट बंद झाली असती, तर खाली एकवेळ रेटून उतरता आलं असतं, पण पाच वाजेपर्यंत वर येणं देवाच्याही हातात नव्हतं. म्हणजे भजन संपलं आणि बाई चौथ्या मजल्यावर कोंडल्या गेल्या.

"उद्या सभेत तुम्ही बोलायचं नाही," आदल्या संध्याकाळी त्यांनी बजावलं.

"मी कशाला बोलतोय?"

"तारापूर नाही, अणू नाही, 'आम्ही' नाही."

"'आम्ही' पण नाही?"

"नाही. सोलरला हात वर करायचा आणि गप्प बसायचं. मला गुडघे आहेत, तत्त्वं नाहीत."

विलासरावांनी शब्द दिला. तो पाळायचा त्यांचा इरादाही होता. बायकोचा हात धरून तिला लिफ्टमधून उतरवताना त्यांना रोजच वाईट वाटे, आणि ते वाईट वाटणं लपवायलाच ते लिफ्टमध्ये तारापूरच्या आल्टरनेटरविषयी बोलत.

सभा पार्किंगमध्ये भरली. हरेश इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सोलर म्हंजे फुकट लाईट. एकदा लावला का लावला. कवाच बंद नाय पडनार." एवढं बोलून तो बसला. त्याच्या मते भाषण झालं होतं.

'कधीच बंद पडणार नाही' हे वाक्य विलासरावांच्या कानात काट्यासारखं घुसलं. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि जीभ दातांखाली. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचा प्लासिड मागून म्हणाला, "काय काका, आज तारापूर बंद? मेन्टेनन्स चाललाय?"

पार्किंगभर हशा पिकला. विलासराव उभे राहिले. ते कधी उभे राहिले हे त्यांनाही उशिराच कळलं.

"हरेश, पावसाळ्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, तेव्हा काय? रात्रीसाठी बॅटऱ्या घेतल्या तर त्यांचा खर्च किती, आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात हे सांगितलंस का? आणि मुख्य सांग. दुपारी कडक ऊन आहे आणि बाहेरची लाईट गेली. तुझं सोलर चालू राहील का?"

हरेशनं मान खाली घातली. "नाय. बॅटरी नसंल तर ते पन बंद व्हतं. लाइनवर काम करनाऱ्याला शॉक नको म्हनून."

सभा हादरली. लाईट गेली तरी सोलर चालू राहणार, याच भरवशावर निम्मे लोक आले होते. "म्हणजे उन्हात उभं राहून अंधार?" असं कुणीतरी म्हणालं. पहिल्या मजल्यानं टाळ्या वाजवल्या. विलासराव आयुष्यात इतक्या स्वच्छपणे कधी जिंकले नव्हते.

"मग काय, दुसरा ठराव घेऊ या," प्लासिड म्हणाला. "लिफ्ट बंद."

जितेंद्रनं पेन उघडलं.

विलासरावांनी बायकोकडे पाहिलं. जयवंतीबाई रागावल्या नव्हत्या. त्या नुसत्या समोर बघत तळहातानं गुडघा चोळत होत्या, दुकान बंद झालेलं पाहून माणूस परत फिरतो तशा चेहऱ्यानं. आता हरायला हवं होतं, आणि तेही ताबडतोब. पण हरायचं कसं याचा त्यांना काडीचा सराव नव्हता.

"थांबा थांबा. त्याला उत्तर तर देऊ द्या," ते म्हणाले. "बोल हरेश. खोडून काढ मला."

"काका, तुमचं बरोबरच हाय," हरेश नम्रपणे म्हणाला.

"बरोबर काय कप्पाळ! अरे, नेट मीटरचं सांग."

"हां. नेट मीटर असतो."

"आणि?"

हरेशनं विचार केला. "आनि तो लावतात."

शेवटी विलासराव खुर्च्या ओलांडून स्वतःच हरेशच्या बाजूला जाऊन उभे राहिले. "ऐका. दिवसा जास्तीची वीज बाहेर जाते, मीटर ती मोजतो आणि रात्रीच्या बिलातून वजा होते. बॅटरी लागतच नाही. पावसाळ्यात कमी मिळेल, उन्हाळ्यात जास्त मिळेल, हिशोब वर्षाचा करायचा."

"पण लाईट गेल्यावर बंद पडतं, हे तुम्हीच आत्ता म्हणालात," प्लासिड म्हणाला.

विलासराव उलट्या पावली आपल्या जुन्या जागेवर गेले, जणू तिथं उभं राहूनच तारापूरविषयी बोलायची परवानगी होती. "प्लासिड, लाईट गेली की तारापूरची वीज तुझ्या घरात येते का?"

"नाही."

"का नाही? भट्टी तर धडधडत असते. तार तुटलेली असते. तार दोघांची एकच. लाईट जाईल तेव्हा सोसायटीचा जनरेटर आहेच, तो कुठे पळून चाललाय?" आणि ते पुन्हा हरेशच्या बाजूला आले. अशा त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. लोक टेनिस बघावं तसे माना फिरवत होते. हरेश स्वतःही बघत होता आणि मधून मधून दाद देत होता.

"मग शेवटी स्वस्त काय, काका?" जितेंद्रनं विचारलं. "तुमचं तारापूर का सोलर? एक काय ते सांगा, मला लिहायचंय."

पहिल्या सीटवरची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली, ड्रायव्हरसकट. "चालू असलेलं जुनं केंद्र स्वस्त," ते हळू म्हणाले. "नवं बांधायचं तर दहा-दहा वर्षं जातात आणि तेवढ्या वर्षांचं व्याज डोक्यावर बसतं. देशाला दोन्ही लागतील. दिवसरात्र चालणारं कुणीतरी पाहिजेच. पण आमचं..." ते थांबले. "तारापूर आपल्या गच्चीवर बसत नाही. सोलर बसतं. मी हरलो. लिही."

हात वर झाले. पहिला मजला सोडून सगळे, आणि पहिल्या मजल्यावरचे सुद्धा दोन, कारण त्यांना वाद फार आवडला होता. ठराव पास झाला. विलासरावांच्या छातीवरून भरलेली बस उतरल्यासारखं झालं. ते मटकन खुर्चीत बसले आणि सभेसाठी आणलेला गार, गोडमिट्ट चहा दोन कप प्यायले. इतका चांगला चहा त्यांनी कित्येक वर्षांत प्यायला नव्हता. वाद हरल्यावर पोट इतकं हलकं होतं हे कुणी आधी सांगितलं असतं, तर ते पुष्कळ आधी हरले असते.

हरेश त्यांच्या पाया पडायला वाकला. "काका, वालीवला गाळ्यावर या ना. तुमी बोला, मी पाना फिरवतो."

"रात्री काय करणार ते आधी सांग," विलासराव सवयीनं म्हणाले.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर आली तेव्हा जयवंतीबाई म्हणाल्या, "बोललातच शेवटी."

"अगं, पण हरलो ना."

"कुणाकडून?"

विलासरावांनी बायकोच्या हाताखाली हात घातला आणि चौथ्या मजल्यावर तिला उतरवून घेतलं. या वेळी आल्टरनेटरचा विषय निघाला नाही.

पॅनेलं दिवाळीनंतर बसली, बिल उतरलं आणि लिफ्ट दिवसभर चालू राहिली. फेब्रुवारीत जयवंतीबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, आणि पुढे डॉक्टरांनी त्यांना व्यायाम म्हणून जिन्यानंच ये-जा करायला सांगितलं.