ओला तळवा

जीनतच्या अब्बांचा एक नियम होता. गादी भरून झाली, टाके पडले, की ते हाताचा तळवा पाण्यात बुडवून झटकायचे आणि जमिनीवरून फिरवायचे. तळव्याला चिकटलेला कापूस उशीच्या कोपऱ्यात जायचा. गिऱ्हाइकाचा कापूस गिऱ्हाइकाच्याच घरात राहिला पाहिजे, म्हणायचे. कुसगावातल्या एका पिंजाऱ्याची ही ऐट! पुढे लोणावळ्याच्या हॉटेलांत तयार गाद्या आल्या, पिंजण खुंटीला लागलं, आणि अब्बा पन्नाशीतच खोकून खोकून गेले. जीनतला त्यांच्याकडून दोनच गोष्टी मिळाल्या. तो तळवा, आणि अलीकडे तो खोकला.

तीन वर्षांपूर्वी ती आंबीजवळच्या गाद्यांच्या कारखान्यात लागली. कापूस, लोकर, काथ्या आणि झाडाच्या चिकाचं रबर, एवढ्यावरच तिथं गाद्या होतात. फाटकावर भली मोठी पाटी आहे, ‘इथे काहीही वाया जात नाही’. पाटी आधी लागली, ती खरी जीनतनं केली. तोवर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कात्रणांचा डोंगर साचायचा आणि दर आठवड्याला टेम्पो भरून कचऱ्यात जायचा. ते तिला बघवेना. सांगितलं कुणीच नव्हतं, पण ती निवडायला बसली. लांब धाग्याचा कापूस परत रजयांकडे, आखूड उशांकडे. रबराचे तुकडे बारीक करून तक्क्यांत. काथ्या तळेगावच्या नर्सरीला गेला आणि मळकी लोकर गावकऱ्यांनी रोपांच्या बुडाशी घालायला नेली. टेम्पो आता दोन महिन्यांतून एकदा येतो, तोही अर्धा रिकामा जातो. पाहुणे आले की साहेब कौतुकानं शेड दाखवतात. जीनतला तेवढ्यापुरतं बाहेर उभं करतात.

शेडला खिडकी नाही, पंखाही नाही. वाऱ्यानं कापूस उडतो ना! तोंडाला फडकं बांधलं तर तासाभरात तेच कोंदतं. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, या कामातून बाहेर पडा. समोरच्या शिलाईच्या हॉलला मोठाल्या खिडक्या होत्या आणि तिथं कापूस कापडाच्या आत असायचा. जीनतला तेवढंच हवं होतं, तिथलं एक मशीन.

“देतो की बदली,” सुपरवायझर कैलास म्हणाला. “तुमच्यासारखी दुसरी बाई तयार करा, ताई, आणि खुशाल जा.”

आंबीच्याच बयाबाईला तिनं दोन महिने शिकवलं. बयाबाई मन लावून शिकली, पण भात लावून लावून राठ झालेल्या तिच्या बोटांना कापसात दडलेली लोकर कळेना. जीनत शिलाईला बसली आणि दहाव्या दिवशी उशा परत आल्या. शुद्ध कापूस मागणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मानेवर लोकरीनं पुरळ उठलं होतं. त्याच दुपारी कैलासनं बयाबाईला शेडमधून काढलं आणि जीनतला परत तिथं आणून बसवलं.

“आता हलायचं नाव काढू नका,” तो म्हणाला. त्यात धमकी नव्हती, कौतुकच होतं, म्हणून तिला जास्तच घुसमटल्यासारखं झालं.

बयाबाईला वाईट वाटलं. डबा खाताना ती हळूच म्हणाली, “जीनत, म्या चुकले तर मला लगीच काडलं. तूबी चुक की! चार पोती मिसळून टाक. मंग बग तुला शिलाईला कशी सोडत्यात.”

“आन् पुन्हा कुणाच्या अंगावर उठलं तर?”

“कैलास आता हरेक पोतं सोता बगतोय. हितंच सापडंल. व्हय म्हन.”

व्हय म्हणायला जीनतला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी तिनं शेडचं दार लावून घेतलं, कापसाच्या पोत्यात मूठ मूठ लोकर टाकली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. आता फक्त तोंड बांधायचं होतं.

दोरी आवळण्याआधी तिनं सवयीनं वरचा कापूस दाबला. बोटाला लोकर लागली. तिनं ती काढली. ही एवढी वर दिसली तर मुद्दाम टाकलेली वाटेल, म्हणून. खाली आणखी एक होती. तीही काढली. नको, नको, असं ती स्वतःलाच म्हणत होती आणि हात आत जातच होते. भोंगा झाला तेव्हा पोतं स्वच्छ होतं. शेजारी लोकरीचा ढीग होता आणि जीनत खोकत, रडत बसली होती. असा राग तिला कैलासचाही कधी आला नव्हता, जसा आज आपल्या हातांचा आला.

कैलास आला, पोत्यात हात घालून बघितलं.

“लोकरीचा एक केस न्हाई सापडायचा,” तो खूश होऊन म्हणाला. “ताई, तुम्हाला इथून सोडायचं तरी कसं, सांगा बरं!”

तो गेल्यावर जीनतनं डोळे पुसले. जमिनीवर थोडा कापूस सांडला होता. तिनं तळवा पाण्यात बुडवला, झटकला आणि खाली वाकली.