मूकपटातले मुडदे

पडलेल्या भिंतीच्या मातीचा वास आला की लातूरचे ऐंशीला टेकलेले घरमालक चाचा आठवतात. कोचिंगसाठी मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहायचो. तरुणपणी त्यांनी एका ऐतिहासिक मूकपटात मेलेल्या मावळ्याचं काम केलं होतं. अंगावर माती टाकून पन्नासजणांना निजवायचे. शॉट संपला की डायरेक्टर ओरडायचा, "उठा!" मग सगळे मुडदे शिंकत, हसत चहाला पळायचे. हे सांगताना चाचांना हसू आवरत नसे. भूकंप झाला त्या दिवशी ते बहिणीच्या जमीनदोस्त झालेल्या गावी जाऊन संध्याकाळी परतले. मी दिलेला चहा तसाच हातात धरून म्हणाले, "लई येळ उभा ऱ्हायलो, बेटा. वाटलं, कुणीतरी 'उठा' म्हणंल." आता माझाच क्लास आहे. तास संपला की मी मुलांना "उठा" म्हणतो आणि शेवटचं मूल उठेपर्यंत दारातून हलत नाही.