पक्कं न म्हणणारे सर

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं, त्यामुळे एका माणसाविषयी असं लिहायला बसणं हे धाडसच. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांइतका शंकेखोर माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात नसेल, असं मला खरंच वाटतं.

सर कंत्राटी. जिच्या आतली जोडणी आपल्याला हवी तशी ठरवता येते, त्या प्रोग्रामेबल चिपवर त्यांचा जीव. तिच्यात ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणारी अतिसूक्ष्म बटणं, किती, हे कंपनी सहसा सांगत नाही. सर त्याचा अंदाज काढत, आणि त्यावरून ती कितपत टिकेल याचा दुसरा अंदाज. "कोट्यवधी हायेत बाप्पा, एखादा तरी दगा देईनच," असं ते घरातल्या लेकरांबद्दल बोलावं तसं म्हणत. पुढे ही सवय चिपबाहेर पसरली. मेडशीची बस येईल का विचारलं, तर उत्तर टक्क्यांत. कॅन्टीनच्या काकूंनी "चहा जमला का?" विचारलं, तर म्हणत, "एका कपावरून कसं सांगू?" काकू म्हणत, "मंग दुसऱ्या कपाचे पैसे काढा!"

एकदा ते रिसोडला मुलगी पाहायला गेले. मुलगी आमच्याच गल्लीतली, म्हणून सोबत मी. ती त्यांना मनापासून आवडली होती. पोहे गार झाले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तिच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी पक्की हाय ना?"

मी हळूच त्यांचा पाय दाबला.

"कंत्राट वाढायची शक्यता साठ टक्के," सर म्हणाले.

"म्हंजे चाळीस टक्के माही पोरगी उपाशी?"

"तसं नाही. माझा अंदाजही चुकू शकतो."

स्टँडकडे चालताना मी म्हटलं, "सर, काहून सांगतलं?"

"मंग खोटं बोलू काय बे?" म्हणाले, आणि बसची पाटी वाचायला पुढे गेले.

उन्हाळ्यात कंत्राट वाढलं नाही. कुणी विचारलं नसताना सरांनी स्वतः फोन करून तेही मुलीच्या वडिलांना कळवलं. तिकडून नुसतं "बरं" आलं. सर प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत द्यायला आले, तेव्हा एक चिप हातात घेऊन म्हणाले, "हिच्यातले कितीतरी ट्रान्झिस्टर कधी कामालेच लागत नाहीत. पण वीज त्याह्यलेही लागते." वर्गात त्यांचा आवाज नाही, हे नंतर फार जाणवत राहिलं.

परवा त्यांना मुलीच्या वडिलांचा फोन आला. "तुमच्या त्या फोनपासून पोरगी हो म्हणून राह्यली. आमी लय समजावलं, आयकत नाही. रविवारी घरच्याह्यले घेऊन या."