पळसदेवला उघडलेली शँपेन

बारामतीजवळच्या एका वायनरीत मी नोकरी करते. माझं काम वाइनचा वास घ्यायचा, घोट तोंडात फिरवायचा, थुंकून टाकायचा आणि गुण द्यायचे. द्राक्षांच्या हंगामात एक फ्रेंच बाई आम्हाला सल्ला द्यायला यायच्या. शेवटच्या खेपेला निघताना त्यांनी माझ्या हातात शँपेनची एक बाटली ठेवली. गडद हिरवी काच आणि तळापासून गळ्यापर्यंत चढत गेलेली पांढरी फुलं, सोनेरी देठांची. कुणा चित्रकारानं खास त्या बाटलीसाठी काढलेली. अशा बाटल्या लोक रिकाम्यासुद्धा जमवतात म्हणे. तिच्यावरचं वर्ष माझ्या लग्नाच्याही आधीचं होतं.

"समारंभासाठी ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. "निवांत दिवस बघून उघड."

तो दिवस बऱ्याच वर्षांनी, एका उन्हाळ्यात आला. नवरा आणि मी आत्याकडं पळसदेवला गेलो. आत्या जन्मभर इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवत होती, आता उजनी धरणाच्या काठाला घर करून राहते. पाणी बरंच मागं सरलं होतं. एरवी पाण्याखाली असणारं जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि त्याच्या पायऱ्यांवर बगळे उभे होते. ऊन कलल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. बर्फाच्या डब्यातनं बाटली काढली, तशी आत्यानं ती माझ्या हातून घेतली आणि चष्म्यापाशी नेली.

"हात लई हलका हाय गं ह्याचा," ती म्हणाली. "देठ बघ. वाऱ्यानं वाकल्यागत."

मी बुचावरची तार सोडवली. नवरा सावधपणे मागं सरकला. बूच घट्ट धरून मी बाटली हळूहळू फिरवली. बार उडाला नाही, नुसता एक सुस्कारा निघाला.

"एवढंच?" नवरा म्हणाला.

ग्लासात मधासारखा रंग उतरला. बुडबुडे थोडे, अगदी बारीक, सावकाश वर येणारे. पहिला घोट घेतला आणि मन खट्टू झालं. गार, आंबट, बाकी काहीच नाही. इतकी वर्षं आपल्याकडच्या उकाड्यात कपाटात राहिली, गेली असणार बिचारी, असं वाटलं. नवरा तळलेला चिलापी मासा खात होता आणि प्रत्येक घोटाला मान डोलावत होता, माझ्यासाठी.

ग्लास तळहातात धरून मी पाण्याकडं बघत राहिले. एक होडी देवळाला वळसा घालून गेली. मग कधीतरी ग्लास पुन्हा नाकाशी नेला, तर आतून काहीतरी जागं झालं होतं. भाजलेल्या बदामांचा वास, त्याच्यामागं सुकलेल्या जर्दाळूचा, आणि आणखी एक, मला नाव न सापडणारा.

"आत्या, वास तरी घे."

"पंचशील घेतलंय मी. पिणार न्हाय," ती म्हणाली. "पण वासाला कोण अडवतंय? आण हिकडं."

तिनं डोळे मिटले आणि ग्लास पुन्हा पुन्हा नाकाशी नेला.

"खारी," ती शेवटी म्हणाली. "शाळंच्या मागं बेकरी हुती. दुसऱ्या तासाला भट्टीतनं खारी निघायची. पोरी चित्र सोडून खिडकीकडं बघत बसायच्या. मीबी बघायची."

तोच वास होता. मी मोठा घोट घेतला आणि गिळला. कितीतरी वर्षांत मी वाइन अशी गिळली नव्हती, तिला गुण दिल्याशिवाय. सगळं अंग सैल झालं. बगळे, चिखलावरचं तांबूस ऊन, तेलाचा वास, सगळं त्या एका चवीत विरघळून परत वर येत होतं.

"अगं, हे बघितलं का?" आत्यानं बाटली मावळतीसमोर धरली होती. बाटली अर्धी झाली होती. खालची फुलं वाइनच्या गडद हिरव्या काळोखात उठून दिसत होती. वर, वाइन उतरली होती तिथं, काच तळ्यासारखी हिरवी उजळली होती आणि फुलं तरंगत होती.

"ज्यानं काढलं त्याला ठाव हुतं," ती म्हणाली, "की हे कुणीतरी पिणार हाय."

मग आम्ही घोट घेऊ तशी ती बाटली पुन्हा उचलून बघायची. शेवटचा थेंब ग्लासात पडला तेव्हा ऊनही गेलं होतं.

"ही मला राहू दे," आत्या म्हणाली.

"लोक जमवतात ह्या, आत्या," नवरा हसत म्हणाला.

"मग मी कोण हाय, जावईबापू? लोकच की."

आठवड्यानं तिचा फोन आला. ती रोज संध्याकाळी बाटलीचं चित्र काढत होती, पण खालचा, वाइन असतानाचा गडद हिरवा रंग साधत नव्हता. "रिकामीवरनं जमंना. एक भरलेली घिऊन ये."

तसली कुठून आणणार? रविवारी आमच्याच वायनरीची एक साधी बाटली घेऊन गेले. आत्यानं ती उन्हात धरली, डोळे बारीक केले, हलवून बघितली आणि माझ्याकडं परत दिली.

"कवळी हाय गं अजून," ती म्हणाली. "ठिव काही वर्षं."