शिमचे दात

"पोराचा हात हलत नाही बगा. बाकीची चौकशी तुम्ही करा." माझं स्थळ बघायला मामा थेट मुलाच्या कंपनीत गेला होता आणि परत येऊन एवढंच बोलला होता. परवापासून हे वाक्य सारखं आठवतंय...

आमचे अहो चाकणजवळ कुरुळीला एका कंपनीत टूलरूममध्ये आहेत. केसापेक्षा बारीक मापाचं काम. मामाने त्यांना ग्राइंडिंग मशीनवर पाहिलं आणि आमच्या लातूरकडच्या घरात तेवढ्यावर लग्न ठरलं.

इथे थेरगावात आमच्या सोसायटीतला बदाम छाटला तेव्हा खारीचं एक पिल्लू पार्किंगमध्ये पडलं. तोंडावरच पडलं. प्राणी वाचवणाऱ्या ग्रुपमधली मुलगी येऊन बघून गेली. "काकू, जबडा वाकडा झालाय. बाहेर सोडली तर उपाशी मरेल हो." सेंटरमध्ये जागा झाली की नेऊ, म्हणाली. जागा काही झाली नाही...

अहोंनी तिचं नाव शिम ठेवलं. मशीनमध्ये फटीत सरकवायची पातळ पट्टी असते ना, ती शिम. ही पण कुठल्याही फटीत शिरायची. सगळ्यात आवडती फट म्हणजे अहोंच्या कंपनीच्या शर्टाचा खिसा. ते शिफ्टवरून आले की ही खिशात, आणि मग चहा संपेपर्यंत त्यांनी हलायचं नाही.

खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात. वरचे-खालचे एकमेकांवर घासून झिजतात. शिमचे एकमेकांवर बसतच नव्हते, त्यामुळे खालचे दोन वळून टाळूकडे निघाले. शेंगदाणा हातात धरून नुसती बसून राहायची...

डांगे चौकातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ते घासून कमी केले. दर काही आठवड्यांनी आणावं लागेल म्हणाले, आणि घरी कापू नका, असंही म्हणाले. पण सुट्टी मिळणार कशी, चाकणचं ट्रॅफिक, ओव्हरटाइम... अहो म्हणाले, "त्यात काय एवढं? रोज पोलाद घासतो मी. हा तर दात आहे."

त्यांनी तिला धरायला लाकडाचं छोटं फिक्स्चर बनवलं, आतून फ्लॅनेल लावलेलं. मी मोबाइलचा टॉर्च धरायचे आणि ते नेलकटरने वरच्या-खालच्या दातांची टोकं उडवायचे. क्षणाचं काम. कंपनीतले मित्र चिडवायचे, "काय राव, आता खारीचं पण रिग्राइंडिंग घेता का?" झिजलेल्या टूलला पुन्हा धार लावतात, ते रिग्राइंडिंग. अहो हसायचे. मला सांगताना पुन्हा हसायचे.

बरेच महिने सगळं नीट चाललं. शिम खात होती, पडद्यावर चढत होती, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीची वाट लावत होती.

मग एका रविवारी सकाळी नेलकटरचा आवाज वेगळा आला. मला कळलंच नाही. अहोंना कळलं. टूल तुटतं तेव्हा आधी आवाजावरून कळतं म्हणे. ते फक्त म्हणाले, "गेला."

दात टोकाला तुटला नव्हता. हिरडीत खोलवर उभा चिरला होता. तोंड आठवड्याभरात सुजलं. एक्स-रेमध्ये दिसलं की वरच्या दातांच्या मुळांशीही गाठ झाली आहे, नाकाची वाट बंद करणारी. पुन्हा पुन्हा कापताना बसणाऱ्या हादऱ्यांनी असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. हळूच म्हणाले, पण अहोंनी ऐकलं.

आता ती श्वास घेते तेव्हा शीळ वाजते. काही खात नाही. सिरिंजने दिलेलं निम्मं बाहेर येतं. दात काढायचे तर भूल तिला सोसणार नाही. आज सकाळी डॉक्टर म्हणाले, "ताई, आता तिचे आणखी हाल करू नका. उद्या सकाळी घेऊन या, इंजेक्शन देऊ, शांतपणे जाऊ द्या."

आणि पुढे म्हणाले, "घाबरली तर श्वास तिथेच अडकेल. ज्यांच्याकडे ती शांत राहते, त्यांना आणा."

माझ्याकडे ती शांत राहत नाही. धरलं की धडपडते आणि ती शीळ वाढत जाते.

त्या रविवारपासून अहोंनी तिला हात लावलेला नाही. फिक्स्चर माळ्यावर गेलं. काल माझ्या लक्षात आलं की ते घरात आता टी-शर्टच घालतात. सगळे बिनखिशाचे...

आज दुपारी शिम पिंजऱ्यातून कशीबशी निघाली. धापा टाकत, थांबत थांबत पडद्यावरून खुंटीवरच्या कंपनीच्या शर्टापर्यंत पोचली आणि खिशात शिरली. अहो दारातच उभे होते. त्यांनी पाहिलं, आणि चपला घालून खाली निघून गेले. अजून पार्किंगमध्ये बदामाखाली उभे आहेत. मला गॅलरीतून दिसतायत.

कुणाच्या घरी अशी खार असेल तर कृपा करून दात घरी कापू नका. हात कितीही चांगला असला तरी. हे लिहायचं होतंच, पण पोस्ट त्यासाठी लिहिलेली नाही.

अहो, तुम्ही माझं सगळं वाचता, फक्त लाइक करत नाही, हे मला ठाऊक आहे. समोर विचारलं की तुम्ही "उद्या ओव्हरटाइम आहे" म्हणता, म्हणून इथे विचारते. आताही नाहीच म्हणाल...

तरी उद्या सकाळी चला. तो खिशाचा शर्ट घाला. काही कापायचं नाही, काही करायचं नाही, नुसता खिशावर हात ठेवायचा. हलला तर हलू द्या.