एका दमात एक वाक्य

समस्त झाडीपट्टीच्या रसिक मायबाप प्रेक्षकहो! अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत रात्ररात्र नाटकं गाजवणारा आपला लाडका खलनायक, म्हणजे अस्मादिक, बोलायचा बंद झालेला आहे.

बंद म्हणजे कडेकोट. चंद्रपूरच्या आयसीयूत माझ्या तोंडावर मास्क आवळला होता. मशीन त्यातून छातीत हवा कोंबायचं. मी श्वास सोडतो न सोडतो तोच पुन्हा कोंबायचं. डोक्यामागे पट्टे, हाताला सलाईन, पलंगाला कठडे. बिड्यांनी फुफ्फुसं कधीचीच खाल्ली होती, यंदाच्या थंडीतल्या खोकल्याने उरलंसुरलं उरकलं.

डॉक्टरांनी बायकोला माझ्यासमोरच सांगितलं, "स्टेरॉईड सुरू केलंय. श्वासनळ्यांची सूज उतरेल, पण वेळ लागतो. तोवर यांचा दम टिकला नाही, तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. अशा फुफ्फुसांचा पेशंट त्यावरून कधी सुटेल, सांगता येत नाही."

मी जोरात ओरडलो. मास्कमध्ये नुसती वाफ झाली. बायको डोळे पुसत नर्सला म्हणाली, "लगन झाल्यापासून पहिल्यांदा हा मानूस माह्यं पूरं आयकून राह्यला."

स्टेरॉईडने झोप पळवली आणि पोटात वणवा पेटवला. पण खायचं कुठून? दोन घोट पाणी मिळायचं, की पुन्हा पट्टे. छताकडे बघत मी मनातल्या मनात पंगती उठवत होतो.

दुसऱ्या दिवशी बायको उशाशी असताना आमच्या नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर भेटायला आला. आमच्याकडे तालमी कमी, प्रयोग फार. विंगेतून तो वाक्य पुटपुटतो, आम्ही ते गर्जतो. तेवढ्यात डॉक्टर आले. त्याला पलंगाशेजारच्या पडद्याआड सारून त्यांनी माझा मास्क सोडला.

"एका दमात एक पूर्ण वाक्य बोला. जमलं तर नळी आज तरी टळली."

आणि मला वाक्यच सुचेना! जन्मभर दुसऱ्याने पुरवलेली वाक्यं बोललेला माणूस मी. छाती धपापू लागली. नर्सने मास्क पुन्हा हातात घेतला. इतक्यात पडद्याआडून, निव्वळ सवयीने, माझ्या शेवटच्या प्रवेशातल्या वाक्याची कुजबुज आली, "थांब इन्स्पेक्टर! मरण्याआधी मला माझ्या पापांची..."

"भाऊ, मरनाचं काऊन सांगून राह्यले त्याह्यले?" बायको किंचाळली.

मी होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि गरजलो,

"पाप गेलं चुलीत, मले पहिले गरम भात आन् पाटोडीचा रस्सा आणून द्या!"