बाबांच्या फलकावरची जागा
मंगळवारी बाबा गेले. दुसऱ्या दिवशी मी शुक्रवार पेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात, शाईच्या उग्र वासात, श्रद्धांजलीचा फलक करायला बसले. बाबांनी जन्मभर हाताने पाट्या रंगवल्या. अक्षराभोवती जागा सोडली तरच डोळा तिथं थांबतो, असं ते म्हणायचे. इथं दुकानदाराने केलेल्या नमुन्यात त्यांचा फोटो एका कोपऱ्यात होता आणि उरलेल्या फलकावर शोकाकुल नातेवाइकांचे बावीस चेहरे. मी ते सगळे काढायला लावले. मोहोळहून आलेले चुलते उसळले, "अगं, आमचा फोटू कुटं हाय? लोकं इचारतील की!" "काका, बाबा गेलेत. तुम्ही नाही." दुकानदार चाचरत म्हणाला, "ताई, लई मोकळं दिसतंय. कडेला गुलाब टाकू?" "मोकळंच राहू दे." चुलते दहाव्याला आले नाहीत. अजूनही बोलत नाहीत. फलक माझ्या खोलीत आहे: मधोमध बाबा, खाली नाव, भोवती पांढरी जागा.